नाशिकमध्ये घर शोधताना एजंटशी कसं जमवून घ्यावं?

गोदाकाठची (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्या फ्लॅटचं खरेदीखत झालं. इंदिरानगरात, टू बीएचके, रिसेल. शोध चौदा महिने चालला. त्यातले पहिले सहा महिने आम्ही स्वतःच्या हाताने वाया घालवले, आणि त्याचं कारण एजंट लोकांशी वागायची आमची पद्धत होती. घर कसं निवडावं यावर इथे भरपूर धागे आहेत, पण एजंटशी कसं वागावं यावर फारसं वाचायला मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला आम्ही अकरा एजंटांना नंबर दिला होता. पाथर्डी फाटा, गोविंदनगर, मखमलाबाद, गंगापूर रोड, जिथे बोर्ड दिसेल तिथे फोन. बजेट सगळ्यांना ४० लाख सांगितलं. प्रत्यक्षात आमची तयारी ५२ पर्यंत होती. आकडा कमी सांगितला की भाव कमी होतो असं घरातल्या मोठ्यांनी सांगितलं होतं. झालं असं की सहा महिने आम्हाला ४० लाखांचीच घरं दाखवली गेली. एकही पसंत पडलं नाही, आणि आम्ही एजंटांना नावं ठेवत राहिलो.

मग गोविंदनगरमधला तो दिवस. सोसायटीच्या गेटवर आम्ही एका एजंटची वाट पाहत उभे होतो आणि त्याच फ्लॅटची किल्ली घेऊन दुसरे एजंट आले. तेही आमच्या यादीतलेच. आम्ही दोघांनाही 'रविवारी सकाळी' सांगून ठेवलं होतं आणि फ्लॅट एकच निघाला. त्यातले वयाने मोठे होते त्यांनी आमच्याकडे पाहिलं, त्या दुसऱ्या पोराकडे पाहिलं, खिशातली लाल डायरी काढली, आमचं पान उघडलं आणि बंद केलं. "ताई, तुमचं नक्की ठरलं की फोन करा," एवढं म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले. आवाज चढवला नाही, काही नाही. सिडकोतून भर उन्हात आले होते.

मला रात्रभर ते पान आठवत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला, माफी मागितली आणि खरं काय ते सगळं सांगितलं. खरं बजेट, बँकेकडून कर्ज किती मंजूर होईल, राहतं घर कधी सोडायचं आहे. ते म्हणाले, उद्या संध्याकाळी चहाला येतो, घरातले सगळे असू द्या.

आले ते घरांबद्दल बोललेच नाहीत. चार प्रश्न विचारले. सकाळी घरातून पहिलं कोण निघतं आणि कुठे जातं? जिना कोणाला चढवत नाही? कर्जाचं मंजुरीपत्र हातात आहे की नुसतं बोलणं झालंय? आणि शेवटचा शब्द घरात कोणाचा? शेवटच्या प्रश्नाला मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो, तर सासूबाई म्हणाल्या, "माझा." एजंटकाकांनी ते डायरीत लिहून घेतलं. पुढचं प्रत्येक घर त्यांनी आधी सासूबाईंना फोनवर वर्णन करून सांगितलं.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगते. एका भागासाठी एकच एजंट ठेवला. आमचे दोन भाग होते, म्हणून दोन एजंट, आणि दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत होतं. बाकीच्या नऊ जणांना फोन करून 'आता थांबतोय, धन्यवाद' सांगितलं. घर पाहून आलं की त्याच संध्याकाळी उत्तर द्यायचं, नकार असेल तर कारणासकट. 'बघू', 'कळवतो' हे शब्द बंद केले. कारण कळलं की पुढचं घर त्या चुकीशिवाय येतं, हे तीन-चार वेळेला अनुभवलं. लिफ्टला बॅकअप नाही म्हणून एक घर नाकारलं, तर पुढे एकदाही बॅकअप नसलेली इमारत दाखवली नाही.

दलाली पहिल्याच दिवशी ठरवली. आमच्या बाजूने एक टक्का, खरेदीखताच्या दिवशी, चेकने. व्हॉट्सॅपवर लिहून घेतलं आणि त्यांनी 'मान्य' म्हणून उत्तर दिलं. पुढे त्यावर एक शब्द झाला नाही.

आणि जे घर मिळालं ते पितृपक्षात आलं. तेव्हा कोणी घर बघायला बाहेर पडत नाही, एजंट मोकळे असतात. एका आजी-आजोबांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं, त्यांनी अजून कुठे जाहिरात दिली नव्हती. काकांचा फोन आला, "ताई, मालकांना घर बघायला माणसांची रांग नकोय. मी एकच पार्टी आणतो म्हणून सांगितलंय." आम्ही ती एकच पार्टी होतो. दसऱ्याला विसार (टोकन) दिला.

तुमचे अनुभव सांगा. विरुद्ध असतील तरी सांगा.

---

सातपूरकर

छान लिहिलंय, पण मला पटत नाही. एजंटची दलाली टक्क्यात असते. घर जितकं महाग तितके त्याचे पैसे जास्त. वर तो मालकाकडूनही घेतो. असा माणूस आपला कसा होईल?

माझा अनुभव सांगतो. अशोकनगर भागात एक रो हाऊस आवडलं होतं. एजंट गोड बोलणारा, घरी येऊन जेवून गेला, पोरांना चॉकलेटं. 'दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय' म्हणून रात्री साडेनऊला ५१ हजार घेतले, स्वतःच्या पावतीपुस्तकातली पावती दिली. मालकाशी आमचं तोपर्यंत बोलणंसुद्धा नव्हतं. नंतर कळलं की मालकाने विकायचं नक्की केलेलंच नव्हतं, भावाभावांत वाटणी बाकी होती. पैसे परत मिळायला पाच महिने आणि अगणित फेऱ्या लागल्या. घरात त्यावरून जे बोलणं झालं ते वेगळंच. तेव्हापासून मी थेट मालकाशिवाय बोलत नाही.

---

गोदाकाठची

सातपूरकर, वाचून वाईट वाटलं. पाच महिने म्हणजे फार.

टोकनच्या बाबतीत आमच्या काकांनी पहिल्यापासून एक सांगितलं होतं, विसार एजंटच्या हातात द्यायचाच नाही. मालकाच्या नावाने चेक, विसार पावतीवर मालकाची सही, एजंट फक्त साक्षीदार. आमचा चेक आजोबांनी स्वतःच्या हाताने घेतला आणि देवापुढे ठेवला. मला वाटतं, रात्री साडेनऊला घाई करणारा आणि 'वकिलाला दाखवून मग या' म्हणणारा, हे दोघं ओळखता यायला वेळ लागतो. तो वेळ आपण देत नाही आणि जेवायला घालतो.

टक्क्याचं म्हणाल तर मीही काकांना सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, "५० चं घर ५२ ला गेलं तर माझे दोन हजार वाढतात. पण तुम्ही खूश राहिलात तर तुमच्या शाळेतल्या चार बाई माझ्याकडे येतात." मला हिशोब पटला.

---

म्हसरूळचा_एजंट

नमस्कार. मी स्वतः या धंद्यात आहे, दिंडोरी रोड, म्हसरूळ, मेरी हा पट्टा, १९ वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही.

सातपूरकर साहेब, तुमच्या बाबतीत जे झालं ते चूकच. मालकाची सही नसताना टोकन घेणं आमच्यातले नीट काम करणारे कधी करत नाहीत. अशा माणसामुळे आम्हा सगळ्यांना तोंड द्यावं लागतं.

आता आमची बाजू. महिन्याला वीस-पंचवीस पार्ट्या घर बघायला येतात. त्यातली एखादी घेते. बाकीच्यांचं पेट्रोल, फोन, किल्ल्या आणणं-पोचवणं सगळं त्या एका व्यवहारातून निघतं. म्हणून चांगलं घर हातात आलं की आम्ही आधी कोणाला फोन करतो? ज्याचं कर्ज मंजूर आहे, ज्याने मागच्या वेळी वेळेवर 'नको' सांगितलं, आणि ज्याने कधी क्रॉस केलं नाही.

क्रॉस करणं म्हणजे आम्ही घर दाखवायचं आणि पार्टीने संध्याकाळी परत जाऊन मालकाला गाठायचं, 'एजंटला मधून काढू, दोघांचे पैसे वाचतील.' हे होतं, आणि चांगल्या शिकल्या-सवरलेल्या घरातून होतं. मागच्या वर्षी हिरावाडीत मी एका घरासाठी एका कुटुंबाबरोबर सात वेळा गेलो. वास्तूवाले आणले, प्लंबर आणला, मुलीच्या खोलीत टेबल मावेल का म्हणून टेप घेऊन भिंत मोजून दिली. महिन्याने त्याच घराच्या दाराला तोरण दिसलं. बेल वाजवली तर दार त्यांनीच उघडलं. मी 'अभिनंदन' म्हणालो आणि खाली उतरलो. दुसरं काय बोलणार?

तर दलाली जास्त वाटत असेल तर पहिल्या दिवशी भांडा. खुशाल भांडा, आम्ही कमी करतो. सात फेऱ्या झाल्यावर क्रॉस करू नका.

आणखी एक, मालकाकडूनही आम्ही घेतो हे लपवायचं काही कारण नाही. तुम्ही विचारा, 'दोन्हीकडून घेताय का?' जो सरळ 'हो' म्हणेल त्याच्याशी पुढचं बोला. कोणाची जीएसटी नोंदणी असेल तर दलालीवर १८ टक्के वेगळे लागतात, तेही आधीच विचारून ठेवा. नवीन प्रकल्पात बहुतेक वेळा आम्हाला बिल्डर देतो, ग्राहकाला द्यावं लागत नाही. तिथे एजंट एकाच बिल्डरच्या साईटवर का नेतोय हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

---

पाथर्डीफाटा_९

+१ म्हसरूळभाऊ. तोरणाचं वाचून गलबललं. आम्हीही एकदा असं करणार होतो, वडिलांनी अडवलं.

---

वकीलताई_शरणपूर

मी दिवाणी कामं करते. संबंध चांगले असावेत हे खरंच, पण संबंध आणि कागद यांची गल्लत होते तिथे माझ्याकडे अशील येतात. काही गोष्टी सांगते.

रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंट यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटलाही महारेराची, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. त्याचा नंबर मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली, त्यामुळे प्रमाणपत्रही विचारता येतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो. तो नसेल तर थांबा. मात्र रेराचा भर बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांवर आहे. जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत काही बिनसलं तर रेरात दाद मिळेलच असं धरून चालू नका. म्हणजे रिसेलमध्ये एजंटची पारख तुमची तुम्हालाच करायची आहे.

बिल्डरला नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'स्कीम आहे, आज २५ टक्के भरा' असं एजंट म्हणाला तर हा नियम त्याला शांतपणे सांगा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं-देणं आयकर कायद्यात बसत नाही. आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराची जबाबदारी आहे. हे मालकाला आयत्या वेळी सांगितलं की भांडण होतं, आधी एजंटकडून सांगून ठेवा. अशा अवघड गोष्टी मधल्या माणसाच्या तोंडून गेलेल्या बऱ्या.

रिसेलला इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा सारांश), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला, इमारतीचा भोगवटा दाखला (राहायला परवानगी असल्याचा), मालकावर कर्ज असेल तर बँकेचं पत्र, एवढं बघा. वकील तुमचा तुम्ही शोधा. एजंटने सुचवलेला वकील वाईटच असतो असं नाही, पण तुमचा कागद वाचणारा माणूस व्यवहार होण्यावर अवलंबून नसावा.

आणि नदीकाठचं घर असेल तर निळ्या-लाल पूररेषेचं, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषांचं, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

---

गोदाकाठची

वकीलताई, पूररेषेवरून आठवलं. आमच्या दुसऱ्या एजंटवर, म्हणजे गंगापूर रोडवाल्या दादांवर, माझा विश्वास बसला तो याच गोष्टीने. नदीकडच्या एका सोसायटीत नेलं होतं. गॅलरीतून गोदावरी दिसत होती, नवरा तर तिथेच खुर्ची टाकून बसायच्या बेतात होता. दादा म्हणाले, "वहिनी, एकदा खाली पार्किंगमध्ये चला." खांबावर छातीच्या उंचीला एक मळकट पट्टा होता, वर रंग नवा, खाली रंग पोपडे धरलेला. "२०१९ चं पाणी. २००८ ला याहून वर होतं असं वॉचमन सांगतो." नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की सगळं नाशिक पुलावर बघायला जातं, पण आपण घेतोय त्या घराच्या पार्किंगमध्ये ते कितीपर्यंत येतं हे आम्हाला कोणी सांगितलं असतं?

ते घर विकलं गेलं असतं तर त्यांना दलाली मिळाली असती. तरी त्यांनी खाली नेलं. शेवटी घर त्यांच्याकडून झालं नाही, पण मी माझ्या दोन मैत्रिणी त्यांच्याकडे पाठवल्या. एकीचं आनंदवलीत जमत आलंय.

---

जेलरोडची

एक वेगळा प्रश्न. मी एकटी आहे, आई माझ्यासोबत असते. नोकरी पक्की आहे, कर्जाची चौकशी झालीय. पण दोन एजंटांनी मला हेच विचारलं, "साहेबांना कधी आणताय?" एकाने तर मी भाव विचारला तर उत्तर माझ्या सहकाऱ्याकडे बघून दिलं, तो फक्त गाडी घेऊन सोबत आला होता. चांगले संबंध ठेवायचे म्हणजे हे ऐकून घ्यायचं का?

---

वकीलताई_शरणपूर

अजिबात नाही. पहिल्याच फोनवर सांगा, 'घर माझ्या नावावर, निर्णय माझा, कर्ज माझं.' जो त्यानंतरही साहेब विचारेल त्याला सोडा. आणि एजंटला हेही सांगा की नुसत्या महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. तुम्ही आणि आई दोघींच्या नावावर घेतलं तरी चालतं, पुरुषाचं नाव जोडलं की जाते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. ही माहिती तुमच्या तोंडून आली की समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. माझ्या अशिलांच्या बाबतीत पाहिलंय.

---

म्हसरूळचा_एजंट

ताई, आमच्या लोकांच्या वतीने मला लाज वाटते. माझ्याकडे मागच्या दोन वर्षांत एकट्या बाईंनी घेतलेली तीन घरं झाली. तिघींचे व्यवहार वेळेवर झाले, कारण मंजुरीपत्र आधी हातात होतं. तुमचं नुसती चौकशी झालीय असं लिहिलंय. ते पत्र घ्या. त्यावर तुमचं नाव आणि रक्कम असते. ते दाखवलं की 'साहेब' शब्द निघत नाही.

---

सातपूरकर

म्हसरूळभाऊ, एक विचारू? सध्या जो भेटतो तो म्हणतो, '२०२७ चा कुंभमेळा येतोय, भाव वाढणार, आत्ताच घ्या.' हे खरं मानायचं का दबाव?

---

म्हसरूळचा_एजंट

साहेब, २०१५ च्या सिंहस्थाआधीही हेच बोललं जायचं. रस्ते, पूल होतात त्या पट्ट्यात फरक पडतो हे खरं. पण तुम्ही राहायला घर घेताय ना? मग कुंभमेळ्याचं कारण सांगणाऱ्याला विचारा, 'याच सोसायटीत मागच्या वर्षभरात कोणते व्यवहार झाले, किती रुपयांना?' नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू बघता येतो. मी स्वतः पार्टीला शेजारी बसवून तो उघडून दाखवतो. त्यात दिसतं तेवढं बोला, बाकीचं सोडून द्या.

तुम्ही थेट मालकच शोधणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. पण अशोकनगर, ध्रुवनगरकडे बघत असाल तर तिथे माझा पट्टा नाही, म्हणून माझा यात स्वार्थ नाही. तिथल्या कोणाचं घर एजंटमार्फत झालं असेल त्यांच्या घरी जाऊन विचारा, 'हा माणूस किल्ली दिल्यानंतरही फोन उचलतो का?'

---

सातपूरकर

हे करून बघतो. आमच्या कंपनीतल्या एकाने मागच्या दिवाळीत तिथेच घर घेतलंय. वीज मीटरचं नाव बदलायला एजंट स्वतः सोबत आला होता असं तो म्हणत होता, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. त्याचा नंबर घेतो.

---

जेलरोडची

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा बँकेत जाऊन मंजुरीपत्राचा अर्ज दिला, दहा दिवसांत येईल म्हणाले. काल नाशिकरोडच्या एका नवीन एजंटला फोन केला. सुरुवातीलाच तीन वाक्यं बोलले: घर माझ्या नावावर, बजेट ४४, पहिला मजला किंवा लिफ्ट. मग विचारलं, दलाली किती आणि दोन्हीकडून घेताय का. दोन सेकंद गप्प होते. म्हणाले, "हो मॅडम, दोन्हीकडून. तुमच्याकडून एक." आणि मग त्यांनी विचारलं, "आईंना देवळात चालत जायचं असतं का? त्या हिशोबाने गल्ली बघतो." ते साहेबांबद्दल काही बोलले नाहीत.

रविवारी दोन घरं दाखवणार आहेत. पाऊस असेल तर पुढे ढकलू का?

---

गोदाकाठची

मुळीच ढकलू नका, पावसातच जा. पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत खिडकीखाली हाताने चाचपून बघा, ओल लगेच कळते. टॉर्च न्या, बाथरूमचं छत बघायला. आईंना सोबत न्या, छत्र्या दोन घ्या, आणि संध्याकाळी त्यांना उत्तर कळवायला विसरू नका. इथेही लिहा काय झालं ते, मी वाट बघतेय.